मुकी पांढरी पाच

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. माझी एक पट्टी मुकी आहे. ती कोणी मुकी केली आणि काय बोलून केली, यातले काहीही मी विसरलेली नाही. वस्तूंना राग नसतो असे माणसे म्हणतात. माणसांना वस्तूंबद्दल फार थोडे ठाऊक असते.

माझा जन्म गिरगावातल्या एका लहान कारखान्यात झाला. सागवानी अंग, कातडी भाता, आणि आत पितळेच्या पातळ जिभा. मी एकेरी सुरांची, म्हणजे एका पट्टीला एकच जीभ. दुहेरी पेटीचा एक सूर बिघडला तर जोडीचा दुसरा वेळ मारून नेतो. माझ्यात तशी सोय नाही. जे गेले ते गेले. ज्या कारागिराने मला घडवले त्याने शेवटची जीभ तासून कानाशी धरली आणि तो म्हणाला, "बोलेल ही." माझ्या वाट्याला आलेली ती पहिली स्तुती.

मला घरी नेले एलियाझर पेझारकर यांनी. ते बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले यहुदी. त्यांच्या आजोबांचा कोकणात तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असे. एलियाझर स्वतः मुंबईच्या गिरणीत विणकाम खात्यात मास्तर होते. दिवसा माग आणि संध्याकाळी कीर्तन. जुन्या राजांची, संदेष्ट्यांची, भावांनी विहिरीत ढकललेल्या मुलाची आख्याने ते मराठीत लावत आणि मी त्यांच्या मांडीला लागून बसत असे. त्यांचा सूर पांढरी चार, म्हणजे चौथी पांढरी पट्टी. त्यामुळे लगतच्या पांढऱ्या पाचवर त्यांचे बोट फार वेळा येई. ती पट्टी त्यांच्या बोटाने गुळगुळीत झाली होती.

पंचेचाळिशी ओलांडल्यावर त्यांनी देश सोडला. चुलते, मेहुणे, शेजारी, सगळेच इस्राएलला निघाले होते. विमानात वजन मोजून नेऊ देत. घरात रात्रंदिवस एकच वाद चालला होता. शेवटी शेगुलाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला आपल्या जुन्या नऊवारीत गुंडाळता गुंडाळता शेजारणीला म्हणाल्या, "बघ गं, माझा पाटा-वरवंटा इथंच राहिला आणि ही सवत मात्र खिडकीजवळ बसून निघाली!"

पण गाठ त्यांनीच बांधली होती, आणि ती घट्ट बांधली होती.

मित्रांनो, नेगेवच्या वाळवंटातले आमचे गाव तेव्हा नुकते वसत होते. एकसारख्या पांढऱ्या चाळी, वारा आणि खताचा कारखाना. मागाचे मास्तर तिथे पोती भरू लागले. त्यांची बोटे फुटली, भेगाळली. माझ्यावर ती फिरली की खरखर होई. मला ती खरखर आवडत नसे, पण मी सोसत असे.

प्रवास सुखाचा झाला म्हणून एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा प्रसाद, करायचा त्यांचा नवस होता. ओले खोबरे कुठून मिळणार? शेगुलाबाईंनी सुके खोबरे भिजवून किसले, मुंबईहून आणलेले पोहे गोड केले, वेलची घातली, फळे मांडली. सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या अंगणात, शनिवारी शब्बाथ संपल्यावर मलिदा करायचा असे ठरले. शब्बाथ म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतचा विसावा. तेव्हा दिवा लावायचा नाही, मला उचलून न्यायचे नाही, म्हणून मला शुक्रवारीच आणून ठेवले. सिनेगॉगचा कारभार पाहणाऱ्याला तिथे गब्बाय म्हणतात. आमच्या गावचा गब्बाय झकारिया. दुसऱ्याच देशातून आलेला, उंच, काटक, नेहमी खिशात छापील तक्ता बाळगणारा. शब्बाथ केव्हा सुरू होतो आणि केव्हा संपतो, ते त्या तक्त्यात मिनिटासकट लिहिलेले असे. त्याने मान हलवून परवानगी दिली होती.

आता आमच्या लोकांची रीत ऐका. कोकणात कोणाकडे होता तक्ता? संध्याकाळी घरातला वडीलधारा अंगणात जाऊन उभा राही. आभाळात तीन तारे दिसले की शब्बाथ संपला असे धरून आत येऊन सांगे, "झाला." मग दिवा लागे. कोकणचे आभाळ दमट, त्यामुळे तीन तारे दिसेपर्यंत चांगलेच अंधारून येई. वाळवंटातली हवा कोरडी, काचेसारखी. तिथे तारे लवकर उगवतात, किंवा लवकर दिसतात. हे एलियाझरना कोण सांगणार? ते अंगणात उभे राहिले, वर पाहिले, बोटाने मोजले, हसले आणि म्हणाले, "झाला." शब्बाथला निरोप देणारा आशीर्वाद म्हटला, मांडी घातली, माझा भाता उघडला.

पहिली ओळ पुरी व्हायच्या आत झकारिया बाहेर आला. हातात तक्ता.

"बंद कर! अजून वेळ आहे!"

"वर बघा साहेब," एलियाझर म्हणाले. "तीन आहेत."

"मी आभाळ बघत नाही. इथं लिहिलंय ते बघतो." दोघांचेही हिब्रू मोडके, पण रागाला तेवढे पुरते. "शब्बाथ मोडलात! आणि हे काय खोकं आणलंय? मूर्तीपुढे वाजवायचं? तुम्ही यहुदी आहात तरी का?"

आणि त्याने मला लाथ मारली.

मी पायऱ्यांवरून गडगडत खाली आले आणि पालथी पडले. त्यामुळे पुढचे मला दिसले नाही. फक्त ऐकू आले. पोह्यांचे ताट सांडल्याचा आवाज. मग दहा वर्षांची मिल्का, एलियाझरांची मुलगी, माझ्याजवळ येऊन बसली. तिने एकेक पट्टी दाबून पाहिली.

"बाबा, पाच बोलत नाही."

त्या लाथेने जीभ तुटली होती. त्या क्षणापासून माझ्या भात्यात हवेबरोबर आणखी काहीतरी भरले गेले. मी मनात ठरवले की याला सोडायचे नाही. केव्हा, कसे, ते मला ठाऊक नव्हते. पेटीला हात-पाय नसतात. पेटीला फक्त थांबता येते.

त्या प्रश्नाने मात्र माझ्याहून अधिक मोडतोड केली. तुम्ही यहुदी आहात तरी का? हजारो वर्षे शनिवार पाळून, तेल न गाळता, समुद्र ओलांडून इथवर आलेल्या माणसांना हे विचारले गेले. आमच्यातले काही जण शनिवारी घरीच बसू लागले. तरुण मुले मराठी बोलताना इकडेतिकडे पाहू लागली. कोणी आडनाव बदलले. बिन्यामिनकाका, एलियाझरांबरोबर कारखान्यात पोती भरणारे, एकदा म्हणाले, "आणखी थोडी वर्षं, एलियाझर. मग आपल्याला मलिदा म्हणजे कसली मिठाई, असं आपलीच नातवंडं विचारतील."

शेगुलाबाईंना राहवले नाही. "माझं ऐका. त्या झकारियाच्या तोंडात उरलेले पोहे कोंबून या, आणि मग काय व्हायचं ते होऊ दे."

"पोहे वाया जातील," एलियाझर म्हणाले.

सिनेगॉगच्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे, बॉम्बपासून आसऱ्यासाठी बांधलेले एक तळघर होते. शांततेच्या दिवसांत ते कुलपात असे. एलियाझर नगरपालिकेत खेटे घालत राहिले आणि अखेर त्याची किल्ली मिळवली. झकारिया लोकांना सांगत सुटला, "बरं झालं. त्यांची जागा खालीच आहे." हेही मी ऐकून ठेवले.

मित्रांनो, त्या तळघरात माझी कामाची खरी वर्षे गेली. भिंतींना ओल, वर एक पिवळा दिवा, बसायला भाजीच्या पेट्या. सुरुवातीला घरचीच माणसे आली. मग कारखान्यातून परस्पर, अंगावर पांढरी भुकटी घेऊन, आणखी काही. एलियाझरांनी एक युक्ती केली. मुलांना मराठी आख्यान कळेना, तेव्हा त्यांनी जात्यावरच्या ओव्यांच्या चालीवर हिब्रू प्रार्थना बसवल्या. शेगुलाबाई सुरुवातीला तोंडाला पदर लावून हसल्या. "माझी आई दळताना गायची ती चाल, आणि शब्द बघा कुठं जाऊन बसलेत!" पण चाल त्यांनाच सगळ्यांत आधी सापडली. ज्या मुलांना शाळेत चिडवत, ती मुले इथे पाय आपटून गात. ज्या बाईला नव्या देशात रडूही येत नव्हते, ती पहिल्यांदा याच तळघरात रडली, आणि पुढच्या शनिवारी डबा घेऊन आली.

पांढऱ्या पाचची गोष्ट सांगायची राहिली. जवळपास पेटी दुरुस्त करणारा कोणी नव्हता. वाजवता वाजवता एलियाझरांचे बोट सवयीने पाचवर जाई, आणि तिथे फक्त श्वास ऐकू येई. एके दिवशी त्या खड्ड्यात शेगुलाबाईंनी आपला आवाज टाकला. फक्त तेवढाच सूर. पुढच्या वेळी दोघीतिघींनी टाकला. मग सगळ्यांनी. होता होता असे झाले की पाच आली की मी गप्प राही आणि तळघर गाई. नवी मुले समजत की गाण्याची रीतच अशी आहे. पुढे मुंबईहून आलेल्या एका ओळखीच्या कारागिराने जीभ बसवून देतो म्हटले, तेव्हा एलियाझर म्हणाले, "नको. राहू दे."

त्यांनी का राहू दिली ते मला माहीत होते. आमच्या दोघांत तेवढे एक गुपित होते. ते वरून शांत होते. पण तळघरात शिरताना ते रोज एकदा मान वळवून समोरच्या पायऱ्यांकडे बघत, आणि त्यांच्या हातातली माझी कडी आवळली जाई.

मग एका वर्षी, आमच्या सगळ्यांत मोठ्या उपासाच्या दिवशी, भर दुपारी, भोंगे वाजले. युद्ध. सगळी गल्ली आमच्या तळघरात आली. झकारियाची बायको राहेलही आली. झकारिया नाही आला. तो सिनेगॉगमध्येच बसून राहिला. त्यांचा मुलगा उरी दक्षिणेच्या आघाडीवर होता. त्या पवित्र दिवशी मला कोणी हात लावणे शक्यच नव्हते. शेगुलाबाईंनी राहेलला आपल्याजवळ जागा करून दिली. मला ते अजिबात आवडले नाही.

पुढच्या आठवड्यांत ती रोज येऊ लागली. उरीची काही खबर नव्हती.

"तुमचा तो एलियाहू," एकदा तिने हळूच विचारले, "सगळ्यांचं ऐकतो की फक्त तुमच्यातल्यांचं?"

"त्याला कुठलं गाव, कुठलं खोकं, काही विचारायचं सुचत नाही," शेगुलाबाई म्हणाल्या. "ते सगळं तुझ्या नवऱ्याला सुचतं."

राहेल खाली बघत राहिली. मग म्हणाली, "माझा मुलगा आला तर मी तुमच्यासारखं ताट मांडीन. सिनेगॉगच्या अंगणात. सगळ्यांसमोर."

उरी आला. लंगडत आला, पण आला. आणि मित्रांनो, नवस म्हणजे नवस. धर्माचा तक्ता खिशात घेऊन फिरणाऱ्या माणसाला तो मोडता येत नाही, मग तो बायकोचा का असेना. वसंतातल्या एका शनिवारी मलिदा ठरला. झकारिया आमच्या घरी निरोप द्यायला आला तेव्हा उंबऱ्याबाहेर उभा राहिला. "फक्त गाणं म्हणा," तो म्हणाला. "पेटी नको."

"पेटी नाही तर मलिदा नाही," एलियाझर म्हणाले. "शुक्रवारी घेऊन जा."

"कोण?"

"तुम्ही."

ज्या पायऱ्यांवरून त्याने मला खाली पाठवले होते, त्याच पायऱ्या झकारिया मला छातीशी धरून चढला. त्याला धाप लागली. मी त्या दिवशी जितकी जड होता येईल तितकी जड झाले.

शनिवारी वाळूचे वादळ आले. आभाळ तांबूस, मळके, झाकणासारखे. ताटे मांडली गेली, माणसे जमली, आमची आणि त्यांची. उरी काठीवर हात ठेवून पुढे बसला. झकारियाने तक्ता पाहिला आणि जाहीर केले, "शब्बाथ संपला. सुरू करा."

एलियाझर माझ्यासमोर मांडी घालून बसले होते. दोन्ही हात झाकणावर. ते म्हणाले, "तारे दिसले की."

"वादळ आहे. तारे कुठून दिसणार?"

"मग थांबू."

सगळे थांबले. वाळू ताटांवर बसू लागली, तेव्हा बायकांनी पदर पसरले. कोणाचे तरी मूल भुकेने रडू लागले. बिन्यामिनकाका खाकरले. "एलियाझर, पोहे वातड होतील रे."

"होऊ देत."

राहेलने शेगुलाबाईंचा हात धरला. "माझा नवस आहे गं. सांग ना त्यांना."

"तुझा नवस फिटणारच," शेगुलाबाई म्हणाल्या. "पण मधे एक जुनं काम राहिलंय. ते आधी होऊ दे."

झकारिया जवळ आला. दात आवळून म्हणाला, "तू हे मुद्दाम करतोयस."

"हो," एलियाझर म्हणाले.

मित्रांनो, इतक्या वर्षांत मी त्यांच्या गळ्यातून हजारो सूर ऐकले. त्या एका 'हो'इतका स्वच्छ लागलेला दुसरा नाही.

"काय हवंय तुला? माफी?"

"माफी नको. मी तारे बघून चालणारा माणूस आहे. त्या दिवशी किती होते, एवढंच सांगा."

झकारियाने लोकांकडे पाहिले, बायकोकडे पाहिले, मुलाच्या काठीकडे पाहिले. मग पुटपुटला, "तीन."

"मागे बायका बसल्यात. त्यांना ऐकू गेलं नाही."

"तीन होते!" तो ओरडला. मग आवाज खाली आला. "तू म्हणालास तेव्हा मी वर पाहिलं होतं. तीन होते."

म्हणजे मला लाथ मारण्याआधीच हे घडले होते. त्याला दिसले होते. दिसूनही त्याने तो प्रश्न विचारला होता, आणि इतकी वर्षे आम्हाला तळघरात राहू दिले होते.

एलियाझरांनी झाकण उघडले. चाल बरोबर लागली. पाच आली तेव्हा मी गप्प राहिले आणि आमच्या सगळ्या माणसांनी त्या अंगणात, त्या भिंतींवर, तो सूर फेकला. झकारियाला तो कुठून येतो ते कळले नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला काही सांगितले नाही.

तुम्हाला वाटेल की इथे माझा राग संपला. नाही. पुढे काही वर्षांनी झकारिया वारला, तेव्हा एलियाझर त्याच्या प्रेताबरोबर गेले. मी गेले नाही. क्षमा करणे हे माणसांचे काम असेल. मी सागवानाची आहे.

नंतर शेगुलाबाई गेल्या. मग एलियाझर. शेवटच्या दिवसांत त्यांना भाता ओढवत नसे. मिल्का भाता ओढी, ते नुसती बोटे ठेवत. ते गेल्यावर मिल्काने मला त्याच जुन्या नऊवारीत गुंडाळले. आई-बाप गेल्यावर आमच्यात वर्षभर वाद्य ऐकत नाहीत. तळघरात लोक नुसत्या गळ्याने गात. मिल्का घरी रोज माझ्यावरची धूळ पुसे, पण गाठ सोडत नसे. तिला रडताना मी पाहिले नाही. एकदा फक्त कपड्यावरूनच तिने पट्ट्या चाचपल्या, पाचवर आली, आणि बोट तिथेच ठेवून बराच वेळ बसली.

वर्ष सरत आले तेव्हा उरी आला. आता तो गावच्या नव्या सभागृहाचा कारभार पाहत होता. केस पिकलेले, बोलणे नम्र.

"मिल्का, पेटी आम्हाला दे. काचेच्या कपाटात ठेवू. खाली पाटी लावू, गब्बाय झकारिया यांच्या काळात गावात आलेलं वाद्य म्हणून."

मिल्का चहा ओतत होती. ओतून झाल्यावर म्हणाली, "तुझ्या वडिलांच्या काळात नाही आलं. तुझ्या वडिलांच्या पायाखाली आलं."

आणि तिने गाठ सोडली. मग सगळे सांगितले. आवाज न चढवता, काही न गाळता. तो प्रश्नसुद्धा. उरीने माझी पाच दाबली. श्वास आला. त्याने पुन्हा दाबली.

"मलिद्याच्या वेळी मी तिथंच होतो," तो म्हणाला. "तारे-तारे काय चाललंय, मला कळलंच नाही." मग घाईने म्हणाला, "मी दुरुस्त करून देतो. तेल अवीवमध्ये एक जण आहे. आणि पाटीही बदलू."

"तिला हात लावायचा नाही. काचेतही जायचं नाही."

"मग मी काय करू, सांग ना?"

"शनिवारी तळघरात ये. तारे दिसले की. तक्ता बघून नाही. आम्ही पाचवर आलो की बाकीचे गप्प बसतील. तू गायचं."

"एकट्यानं?"

"एकट्यानं."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. त्यांची धूळ पुसा, भात्यात कडुनिंबाचा पाला ठेवा, अधूनमधून त्यांना वारा द्या. त्यांना काचेत कोंडू नका, कारण काचेतल्या वस्तूबद्दल कोणीही काहीही लिहू शकते. पण मोडलेले सगळेच दुरुस्त करू नका. काही मोडलेले तसेच राहू द्यावे, म्हणजे मोडणाऱ्याच्या घरात ते आठवणीत राहते.

आता दर शनिवारी मिल्का अंगणात जाऊन वर बघते आणि आत येऊन म्हणते, "झाला." माझा भाता उघडतो. तळघर भरलेले असते. पांढरी पाच आली की मी थांबते, सगळे थांबतात, आणि झकारियाचा मुलगा गातो.